रापणीचा एक वाटा

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक आमच्या रापण संघाची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या संघाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात गेली अकरा वर्षं मी हिशोब लिहितोय. दुसरी साधी शंभर पानी, मालवणच्या बाजारातून घेतलेली. तिच्या पहिल्या पानावर ९ जानेवारी २०२४ ही तारीख आहे आणि खाली एकच ओळ: "बाबूची गाठ काढली. सर्जन, भूल, तपासणी." पुढे रक्कम.

बाबू माझा धाकटा भाऊ. तेव्हा चोवीस वर्षांचा. मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बोटीवर काम करायचा. पाठीवर सिलिंडर बांधून लोकांना समुद्राचा तळ दाखवून आणायचा. आमच्या सात पिढ्या दर्यावर जगल्या, पण दर्याच्या पोटात उतरून पगार घेणारा घरातला तो पहिला. आये सगळ्यांना सांगायची, "माझो झील पाण्यात श्वास घेता."

२०२३ च्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या मानेवर डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री घामाने उशी भिजायची, अंगाला खाज सुटायची, पुरळ मात्र कुठेच नाही. वजन उतरलं तेव्हा आम्ही जागे झालो. जवळच्या एका डॉक्टरांनी सुईने गाठीतला नमुना घेतला, रिपोर्टात टीबीची शंका आली आणि टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. दोन महिने बाबूने त्या नेमाने घेतल्या. गाठ एकाची तीन झाली.

त्या डॉक्टरांवर माझा राग होता, अजून थोडा आहे. पण नंतर कळलं ते लिहायला हवं, कारण कोकणात आणखी कोणाच्या घरी हेच चाललेलं असेल. हॉजकिन लिंफोमा नावाच्या गाठींच्या कॅन्सरमध्ये रोगाच्या खऱ्या पेशी गाठीत अगदी थोड्या असतात. बाकी सगळी गर्दी साध्या दाहाच्या पेशींची. सुईला ती गर्दीच लागली तर चित्र टीबीसारखं दिसू शकतं. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांचं मन आधी तिकडेच जातं. खरं काय ते पाहायला अख्खी गाठ काढावी लागते आणि तिच्यावर रंगांच्या खास तपासण्या कराव्या लागतात. गोळ्या चालू असून गाठ वाढतेय, तर दुसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. आम्ही पाहिली.

गाठ काढून रिपोर्ट आला: क्लासिकल हॉजकिन लिंफोमा. सर्जननी खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "कॅन्सर आहे, पण बरा होणाऱ्यांतला आहे. मुंबईला जा. आणि हा ब्लॉक जिवापलीकडे सांभाळा." मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला गाठीचा तुकडा आणि काचेच्या चार पट्ट्या. मुंबईचे डॉक्टर तेच पुन्हा आपल्या डोळ्यांनी बघतात आणि मगच औषध ठरवतात. आयेने हळदी-कुंकवाची स्टीलची डबी धुऊन पुसून दिली. कापसात गुंडाळून ब्लॉक तिच्यात ठेवला आणि रात्री कुडाळहून कोकणकन्येत बसलो. डबी पहाटे दादर येईपर्यंत माझ्या मांडीवर होती.

निघायच्या आधी आयेने देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. गुरव बोलत होता, आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. बाबूही म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

टाटा रुग्णालयात पहिले आठ दिवस कसे गेले ते वहीत नीट लिहिलेलं नाही, नुसते आकडे आहेत. फाइल, रक्त, हृदयाची तपासणी, फुप्फुसांची तपासणी, आणि रोग शरीरात कुठेकुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन. मानेच्या दोन्ही बाजूंना आणि छातीच्या मधोमध रोग, पोटात नाही. ताप, घाम आणि वजन यांमुळे पुढे 'बी' लागला, म्हणजे टप्पा दोन-बी. पूर्वी या रोगात कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायचे. आता पेट स्कॅन चांगला आला की बहुतेकांना ते लागत नाही. बाबूलाही लागलं नाही. ते ऐकून त्याने माझा हात दाबला. हाडात सुई घालतात एवढीच गोष्ट त्याच्या मनात आठवडाभर बसली होती आणि त्याने आम्हाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून पुढे मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दलही सांगितलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "दादा, तेचे पण पैसे लागतले." मी म्हटलं, लागू देत. त्या दिवशी आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

उपचार ठरला तो असा: एबीव्हीडी नावाची चार औषधं, दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा. अॅड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डाकार्बाझिन. पहिलं लाल रंगाचं, ते गेलं की दिवसभर लघवीही लाल होते. शेवटच्याला उजेड चालत नाही म्हणून बाटलीवर झाकण घालतात, आणि ते शिरेत जाताना हात जळतो. चार औषधांतल्या दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. ब्लिओमायसिन काही जणांच्या फुप्फुसांना इजा करतं. बाबूचं काम विचारलं होतं त्यांनी. "डायव्हिंग? मग फुप्फुसांवर आम्ही डोळा ठेवून राहू."

८ फेब्रुवारीला, गुरुवारी, पहिला डोस झाला.

आता पैशांचं. मी हिशोब लिहिणारा माणूस, त्यामुळे पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे मला डोळ्यांसमोर दिसतं. आमचं केशरी रेशनकार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोचा मोठा भाग बसला, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि डॉक्टरांचं अंदाजपत्रक लागलं. पण कागदावर न येणारा खर्च आभाळाएवढा. योजनेबाहेरच्या तपासण्या, बाहेरून आणायच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांची ये-जा, मुंबईत राहणं, जेवण. आणि दोन मजुऱ्या बंद, त्याची आणि माझी.

रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्यांचा विभाग असतो. तिथल्या मॅडमनी पहिल्या भेटीत अर्धा तास दिला. रुग्णाला थेट पैसे न देता देणगीदार ट्रस्टांचा पैसा रुग्णाच्या फाइलवर कसा येतो, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कसा करायचा, सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडून वैद्यकीय मदत मिळते तिचे कागद कोणते, हे सगळं त्यांनी माझ्या वहीतच लिहून दिलं. त्यांचं अक्षर अजून त्या पानावर आहे. मग म्हणाल्या, "गावाकडून मदत करणाऱ्यांना सांगा, चेक रुग्णालयाच्या नावाने काढा आणि मागे फाइल नंबर लिहा. पैसा तुमच्या हातातून गेला की पुढे तुम्हालाच त्रास होतो." तो सल्ला मी आता प्रत्येकाला देतो. आमच्या गावच्या मुंबई मंडळाने चाळीस हजारांचा चेक तसाच काढला. लालबागच्या खोलीत मंडळाची बैठक झाली, मी दारातच बसलो होतो. ज्यांना मी फक्त गणपतीत आणि जत्रेत बघतो अशा माणसांनी दहा मिनिटांत ठराव केला.

रेल्वेचंही लिहितो, कारण ते अनेकांना माहीत नसतं. रुग्णालय एक फॉर्म भरून देतं. तो दाखवला की उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला पाऊण भाडं माफ. आम्ही ते दरवेळी खिडकीवरूनच काढलं. कुडाळच्या खिडकीवरचा माणूस तिसऱ्या खेपेपासून आमचा चेहरा बघूनच फॉर्मला हात पुढे करायचा.

राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली. परळला नाना पालकर स्मृती समितीकडेही नाव घातलं होतं, पण जागा इथे आधी झाली. मुंबईत एका रात्रीची खोली म्हणजे आमच्या आठवड्याची मासळी, आणि इथे मी वहीत लिहायलाही विसरून जावं इतके कमी पैसे. संध्याकाळी जेवण. कोणी आईच्या वर्षश्राद्धाला, कोणी मुलाच्या वाढदिवसाला त्या दिवसाचं जेवण दिलेलं असायचं. देणारा समोर नसे. बाबूला केमोनंतर तोंडाला चव नसायची, पण वरण-भात तो खायचा. मला वाटतं, दानाच्या मोठ्या गोष्टी बोलताना माणसं हे विसरतात की दर पंधरा दिवसांनी डोस चुकू नये यात गादीचा आणि वरण-भाताचाही हात असतो. औषध फुकट मिळूनही राहायला जागा नाही म्हणून अर्ध्यातून परत गेलेली माणसं मी पाहिली. अशा एकाचा तर मी प्लॅटफॉर्मवरच निरोप घेतला.

शेजारच्या खाटेवर जळगावचे एक काका होते. त्यांचा लिंफोमा वेगळ्या जातीचा, बी पेशींचा. त्यांना दर एकवीस दिवसांनी आर-चॉप नावाची केमो. त्यातल्या 'आर'चं, म्हणजे रिटुक्सिमॅबचं, त्यांना फार कौतुक. हे औषध अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं, तेव्हा आपल्या माणसांनी नुसतं नाव ऐकावं एवढं महाग. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने तसंच औषध इथे बनवलं आणि भाव खाली आला. काकांना तरी एका ट्रस्टचा हात लागलाच. ते मला म्हणायचे, "तुम्ही दर्यावाले, आम्ही केळीवाले, पण वॉर्डात सगळ्यांचं पीक एकाच पावसावर."

एक कडवट गोष्टही घडली. आमचा मुंबईचा एक चुलतभाऊ, मनाने चांगला, त्याने आम्हाला न विचारता इंटरनेटवर मदतीचं आवाहन टाकलं. बाबूचा केस गेलेला, सलाइन लावलेला फोटो. तो व्हॉट्सअॅपवरून आमच्या वाडीत पोचला, मालवणच्या बोटवाल्यांत पोचला. त्या संकेतस्थळावर देणाऱ्याच्या रकमेत त्यांची 'टीप' आधीच जोडलेली असायची, शोधून काढावी लागायची. पैसे आले, हे खरं आहे, आणि देणाऱ्यांचा मी ऋणी आहे. पण बाबू दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा, माझो फोटो काढून टाक. लोकां माका भेटाक येनत नाय, त्या फोटोक भेटाक येतत."

त्याच संध्याकाळी काढायला लावला. मदत मागताना रुग्णाला आधी विचारावं. त्याने नाही म्हटलं तर फोटोशिवाय मागावं. रुग्णालयाचं पत्र पुरेसं असतं.

आणि आमची रापण. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून मोठं जाळं अर्धगोल टाकत जातात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं ओढत राहतात. मासळी किनाऱ्यावरच लिलावाने जाते. मग पैशांचे वाटे. ओढणाऱ्याचा एक, होडीचे आणि जाळ्याचे वेगळे, तांडेलाचा, म्हणजे आमच्या प्रमुखाचा, वेगळा. आमच्यात जुना रिवाज आहे, ओढणारा आजारी पडला तर त्याचा वाटा बंद करायचा नाही. पण बाबू रापणीवर नव्हताच, बोटीवर होता. फेब्रुवारीत मी मुंबईहून परतलो तर तांडेलांनी वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या गैरहजेरीत त्यांच्या नातवाने हिशोब लिहिला होता, वेड्यावाकड्या अक्षरात. प्रत्येक ओढीखाली एक जादा वाटा: "बाबू". मे महिन्याच्या अखेरीपर्यंत त्या एका वाट्याचे २२,३५० रुपये झाले. पेडव्याला भाव नसलेल्या दिवसांतही तो वाटा पडला, जेव्हा एकेका वाट्यात शंभराची नोटही येत नव्हती.

आता त्या दिवसाबद्दल, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

चार डोस झाले. २ एप्रिलला पुन्हा पेट स्कॅन. ४ एप्रिलला, गुरुवारी, पाचव्या डोसाला गेलो. डॉक्टर तरुण होते, बाबूहून सहा-सात वर्षांनी मोठे असतील. त्यांनी संगणकावर दोन चित्रं शेजारी लावली. जानेवारीच्या चित्रात छातीत आणि मानेत काळे ठिपके, एप्रिलच्या चित्रात ते नव्हते. "डोव्हिल स्कोअर दोन," ते म्हणाले. "फार चांगलं." स्कॅनमध्ये रोग किती उरला ते सांगणारा तो आकडा. मग औषधांच्या चार्टवर त्यांनी ब्लिओमायसिनच्या नावावर आडवी रेघ मारली. पाचव्या डोसापासून बाराव्यापर्यंत.

मी घाबरलो. मला वाटलं औषध संपलं, की आमचा पैसा संपला. विचारलं, "हे का काढलं साहेब? योजनेत बसत नाही काय?"

ते हसले आणि बाबूकडे वळले. त्यांनी सांगितलं ते मी बाहेर येऊन लगेच वहीत उतरवलं. पूर्वी सहाही सायकल (दोन डोस म्हणजे एक सायकल) चारही औषधं द्यायचे. मग डॉक्टरांना प्रश्न पडला, दोन सायकलनंतर पेट स्वच्छ असेल तर ब्लिओमायसिन पुढे देण्याची गरज आहे काय? नुसत्या अंदाजाने काढून टाकलं आणि रोग परत आला तर? म्हणून ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या बाराशेहून जास्त रुग्णांवर अभ्यास झाला, नाव राथल. ज्यांचा स्कॅन स्वच्छ, त्यांच्यात चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला चारही औषधं, दुसऱ्याला ब्लिओमायसिन सोडून तीन. वर्षानुवर्षं मागोवा घेतला. २०१६ मध्ये निकाल छापून आला: तीन औषधांवरच्यांत रोग ताब्यात राहण्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच, आणि फुप्फुसांचा त्रास कमी.

"खर्च कोणी केला एवढा?" मी विचारलं. मला दुसरं काय सुचणार.

"कॅन्सर रिसर्च यूके," ते म्हणाले. "धर्मादाय संस्था आहे. लोकांच्या देणग्यांवर चालते."

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. बाबू आत खाटेवर, लाल औषध चाललेलं. माझ्या वहीत प्रत्येक रुपयाला नाव होतं. मंडळ, रापण, ट्रस्ट, मावशीने कानातलं गहाण ठेवून दिलेले. आणि इथे एक गोष्ट आली होती जिला रकमेचा रकाना नव्हता, देणाऱ्याचं नाव नव्हतं. विलायतेतल्या कुठल्या बाईने आपल्या नवऱ्याच्या आठवणीत पाच-दहा पौंड दिले असतील. तिला कोकण कुठे आहे हे ठाऊक नसेल. तिच्या पैशातून एक प्रश्न सुटला, आणि त्या उत्तराने आठ वर्षांनी परळमध्ये माझ्या भावाच्या चार्टवर रेघ मारली. आमच्या बाबूच्या, जो पाण्यात श्वास घेतो. आणि नुसते पैसेच नव्हते. बाराशे आजारी माणसं आपल्याला कुठलं औषध मिळेल हे चिठ्ठीवर सोडायला तयार झाली होती. मी त्या बाकावर किती वेळ रडलो ते वहीत नाही.

मी त्या चार्टची झेरॉक्स काढून घेतली.

त्याच रात्री धर्मशाळेत टीव्हीवर बातमी होती. पवईला आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. आदल्या ऑक्टोबरात त्याला सरकारी मंजुरी मिळाली होती. हे बाबूच्या जातीसाठी नव्हतं, काकांच्या जातीसाठी होतं, रोग उलटला तर. परदेशात तीन-चार कोटी लागणारी गोष्ट इथे त्याच्या दहाव्या हिश्शात. दहावा हिस्सा म्हणजे तरी तीस लाखांच्या वर. काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बनवलं तर खरं. आता पोचवायला कोणीतरी लागेल." मला तेव्हा हे दोन्ही हात नीट दिसले. एक हात औषध शोधतो आणि एक हात ते खाटेपर्यंत आणतो. दोघांनाही पैसा लागतो.

पुढचे डोस एकामागून एक झाले. जूनमध्ये तापाची एक रात्र आली, शंभरच्या वर गेला की थांबायचं नाही हे पाठ होतं, म्हणून पावसात रिक्षा काढून रुग्णालय गाठलं आणि निभावलं. बारावा डोस ११ जुलैला. त्याच्या आधी ९ आणि १० तारखेला पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि कोकण रेल्वे विस्कटली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून आम्ही एसटीने गेलो. वहीत त्या दिवशी पूर्ण भाड्याची दोन तिकिटं आहेत आणि पुढे बाबूच्या अक्षरात: "शेवटचो."

शेवटचा स्कॅनही स्वच्छ आला. डायव्हिंगचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. चार डोस ब्लिओमायसिनचे गेलेच आहेत, त्यामुळे फुप्फुसांची तपासणी आणि तज्ज्ञांची परवानगी याशिवाय सिलिंडर लावायचा नाही. पुढे कधी कुठली शस्त्रक्रिया झाली तर भूल देणाऱ्याला या औषधाचं नाव सांगायचं, कारण जास्त ऑक्सिजन अशा फुप्फुसांना बाधू शकतो. ते कार्ड त्याच्या पाकिटात आहे. सध्या तो बोट चालवतो. पर्यटक पाण्यात उतरतात तेव्हा वरून दोर धरून बसतो.

पावसाळ्यानंतर रापण पुन्हा सुरू झाली आणि तांडेलांनी जादा वाट्याचा विषय काढला. बाबू बरा झाला, आता वाटा बंद करायचा काय? देवळात बैठक बसली. बंद करू नका, यावर कोणाचं दुमत नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तरी तिकिटाला, राहण्याला जाऊ दे. मी उठून म्हटलं, त्यातला काही भाग संशोधनाला पाठवू या. तिथे अडलं.

तांडेल म्हणाले, "रोगी दिसता. तेका दिलेलो पैसो खंय गेलो ता कळता. ह्या संशोधन खंय दिसता?"

चुकीचं नव्हतं त्यांचं. आम्ही दर्याची माणसं, जाळ्यात आलं ते आपलं. मी झेरॉक्स काढली आणि त्यांच्यासमोर चटईवर ठेवली. चार औषधांची नावं, एकावर रेघ.

"ही रेघ कोणी मारल्यान?"

"डॉक्टरान."

"डॉक्टराक कोणी सांगल्यान?"

मग मी राथलची सगळी गोष्ट सांगितली, मालवणीत, जमेल तशी. आणि टाटांचीही सांगितली, जी मला रुग्णालयाच्या रांगेत कळली होती. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून दोन गोष्टी झाल्या. १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट निघाला, तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी जगभरच्या संशोधकांना पैसा देतो. आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं रुग्णालय उघडलं, ते पुढे सरकारकडे गेलं. एका घराने एका दुःखाचे दोन वाटे केले होते, एक आजच्या रुग्णाला आणि एक उद्याच्या.

कोणी बराच वेळ बोललं नाही. बाबू खांबाला टेकून बसला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तोच बोलला. "माझ्या छातीत ती रेघ आसा," एवढंच.

तांडेलांनी झेरॉक्स उचलून डोळ्यांजवळ नेली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. रेघेवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "वाटो एकच र्‍हवांदे. तेचे चार हिस्से कर. तीन रोग्याक, एक ह्येका."

त्या हंगामाचा पहिला चेक मी स्वतः घेऊन गेलो, बाबूच्या तपासणीच्या दिवशी. देणगीच्या खिडकीवर सांगितलं, हा संशोधनासाठी. रक्कम फार नव्हती. तिथल्या माणसाने करसवलतीच्या ८०-जीच्या पावतीसाठी पॅन विचारला. रापण संघाला पॅन नाही, मी माझाच दिला. पावतीवर माझं नाव आलं म्हणून मला बरं वाटलं नाही. ती पावती जाळी ठेवायच्या मांगरात खांबाला चिकटवली आहे, आणि खाली तांडेलांच्या नातवाने लिहिलंय: "सगळ्यांची."

परवा देवगड तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. नंबर कोणाकडून मिळाला ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. मुलगी एकोणीस वर्षांची, मानेवर गाठ, सुईचा रिपोर्ट टीबीचा, पण कोणीतरी शहाण्या डॉक्टरने गाठ काढायला लावली आणि आता मुंबईला जायचं होतं. बोलता बोलता त्या रडायला लागल्या, मग म्हणाल्या, "भावा, सांग काय काय घेऊ."

मी दुसरी वही उघडली. रेशनकार्ड, दाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. रेल्वेचा फॉर्म पहिल्या खेपेला मिळणार नाही, तो तिथे गेल्यावर, म्हणून जाण्याचं तिकीट आम्ही काढतो. धर्मशाळेत आजच फोन करा. सामाजिक विभागात पहिल्याच दिवशी जा, पैसे संपायची वाट बघू नका. मुलीचा फोटो कोणाला पाठवू नका, तिला विचारल्याशिवाय.

"आणि ताई, गाठीचा ब्लॉक मिळालाय काय हातात?"

"लॅबात आहे. लागतो?"

"लागतो. आज बंद व्हायच्या आधी जाऊन घ्या. कापसात गुंडाळा, डबीत घाला, आणि गाडीत बॅगेत टाकू नका. मांडीवर ठेवा."

फोन ठेवला आणि लाल वहीत लिहिलं: वाटा, देवगड, दोन तिकिटं, कुडाळ ते दादर.